बेटाचा दुष्काळ दिवसांत मोजायचा: साष्टी आणि घारापुरीसाठी मोजणीची रीत

विहार आणि तुळशी या दोन तलावांची क्षमता मिळून ३५,७४४ दशलक्ष लिटर आहे. मुंबईला रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं. भागाकार केला की उत्तर येतं नऊ दिवस. साष्टीच्या, म्हणजे मुंबईची उपनगरं ज्यावर वसली आहेत त्या बेटाच्या, डोंगरांवर पडणाऱ्या पावसातून शहरासाठी पिण्याजोगं म्हणून आपण धरून ठेवतो ते एवढंच. बाकी सगळं भातसा, वैतरणा, तानसा अशा मुख्य भूमीवरच्या धरणांतून शंभरेक किलोमीटर चालत येतं. नळ वाहतोय तोवर आपण बेटावर राहतो हे ध्यानातही येत नाही. घारापुरीच्या (एलिफंटा बेटाच्या) शेतबंदर, मोराबंदर, राजबंदरच्या लोकांना आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांना मात्र ते दर उन्हाळ्यात कळतं.

ही रीत त्यांच्यासाठी आहे. शिवाय ज्या शाळेला, कॉलेजला किंवा सोसायटीला स्वतःची विहीर, झरा किंवा पागोळ्यांच्या पाण्याची टाकी आहे, त्यांच्यासाठीही. सामान साधं लागतं: एक नरसाळं, पाच लिटरचा कॅन, मापाचा मग, पसरट टब, दहा लिटरची बादली, घड्याळ असलेला मोबाइल, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं), मोजपट्टी आणि एक वही. वही महत्त्वाची, कारण इथे आजच्या आकड्यापेक्षा गेल्या वर्षीचा त्याच तारखेचा आकडा जास्त बोलतो.

एवढा पाऊस पडून दुष्काळ कसा?

सांताक्रूझला जून ते सप्टेंबरात सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हवामान खात्याच्या फूटपट्टीने पावसाची तूट सरासरीच्या २६ टक्के किंवा त्याहून जास्त झाली की दुष्काळ धरतात. ती फूटपट्टी मोठ्या विभागासाठी आहे, पण इथे लावून पाहिली तर १,७०० मिलिमीटर पडूनही दुष्काळ म्हणावं लागेल. हा पाऊस पुण्याच्या वर्षभराच्या पावसाच्या दुपटीहून जास्त आहे. तेव्हा डोंगराळ बेटावर एकूण मिलिमीटर विचारून फारसं हाती लागत नाही. पाणी किती दिवस थांबलं, हे विचारायचं.

थांबत का नाही, ते पायाखाली दिसतं. आपला डोंगर कातळाचा. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. मुरमट बेसॉल्टमधून निथळून मिळणारं पाणी आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. म्हणजे पाच मीटर जाडीचा मुरूम तुडुंब भरला तरी त्यातून मिळणार १०० मिलिमीटर. पाऊस २,३००, मुरमाचा कोठा १००. उरलेलं दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या नद्यांतून खाडीत जातं. या नद्या इतक्या आखूड आहेत की संध्याकाळी डोंगरावर कोसळलेलं पाणी रात्रीतून समुद्राला मिळतं. मुख्य भूमीवर नदीला शेकडो किलोमीटरची वाट असते, वाटेत ते कुठेतरी जिरतं. बेटाला ती मुभा नाही.

जगातल्या उंच बेटांवर हेच आणखी ठसठशीत दिसतं. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर फॉक-फॉक इथे जानेवारी १९६६ मध्ये २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला. तो आजही जागतिक विक्रम आहे. त्याच बेटाच्या पश्चिम किनाऱ्याला पाण्याची इतकी टंचाई असते की पूर्वेचं पाणी डोंगराच्या पोटातून बोगदे काढून तिकडे न्यावं लागलं. हवाईतल्या काउआई बेटावर वायअलेअले शिखराच्या परिसरात वर्षाला ९,००० मिलिमीटरहून जास्त पडतो आणि जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या वाऱ्याआडच्या किनाऱ्यावर सुमारे ५००. वारा ज्या अंगाला थडकतो तिथे ढग चढतो, थंड होतो, रिकामा होतो. पलीकडे उतरताना हवा तापते आणि कोरडी पडते. महाबळेश्वर आणि वाई पाहिलेल्याला हे निराळं सांगायला नको. फरक इतकाच की पर्जन्यछायेतल्या वाईला कृष्णा वरून पाणी आणून देते. छोट्या बेटावर पाण्याचे उतार वेगळे, त्यामुळे एका अंगाचं पाणी दुसऱ्या अंगाला आपोआप जात नाही.

हवामानबदल इथे तीन जागी हात घालतो. तिन्ही नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक मोजणी यांतल्या एकीसाठी आहे.

पहिली जागा पावसाच्या वाटणीची. हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस जास्त जोरात पडतो आणि दोन पावसांमधली उघडीप लांबू शकते. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे. ज्या बेटाचा कोठा १०० मिलिमीटरचा, त्याला एका दिवसात ३०० देऊन काय उपयोग?

दुसरी जागा हवेच्या तहानेची. ३३ अंशांना हवा पूर्ण भरली तर बाष्पाचा दाब ५.०३ किलोपास्कल असतो. आर्द्रता ६० टक्के असेल तर त्यातलं ३.०२ भरलेलं आणि २.०१ रिकामं. हे रिकामं जे आहे, ते पानांतून, मातीतून आणि उघड्या टाकीतून पाणी ओढतं. आता हवा ३४ अंशांवर गेली आणि बाष्प तेवढंच राहिलं, तर रिकामी जागा २.३० होते. तापमान एका अंशाने वाढलं, तहान सुमारे १४ टक्क्यांनी. समुद्राजवळ बाष्पही थोडं वाढतं, म्हणून प्रत्यक्षातली वाढ याहून कमी असू शकते. पण जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तेव्हा ती शून्य धरू नका.

तिसरी जागा ढगाच्या तळाची, आणि हिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी व्हायला लागतं ते) यांतलं अंतर अंशांत घ्या, १२५ ने गुणा. ढगाचा तळ साधारण तितक्या मीटरवर लागतो. पावसाळ्यात हवा २८ अंश, दवबिंदू २५, तर तळ ३७५ मीटरवर. उद्यानातलं सर्वात उंच ठिकाण जांभुळमाळ, साधारण ४६८ मीटर. म्हणजे माथा ढगात. अंतर एका अंशाने वाढून चार झालं की तळ ५०० मीटरवर जातो आणि माथा ढगाबाहेर येतो. पाऊस नसतानाही धुक्याने पानं भिजून खाली जे थेंब गळतात, ते त्या दिवशी गळत नाहीत, आणि वर ऊन लागतं ते वेगळंच. दोन हजार मीटरहून उंच बेटांवर आणखी एक अडचण असते: व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात त्या उंचीच्या आसपास उबदार हवेचं झाकण बसतं आणि ढग त्याच्या वर चढत नाही. झाकण वर्षातले जास्त दिवस टिकलं तर वरचे उतार सुकतात. आपल्याकडे तेवढी उंची नाही, म्हणून ढगाच्या तळावर लक्ष ठेवलं तरी पुरे.

पाऊस: एक नव्हे, दोन पर्जन्यमापक

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पंचाहत्तरच्या आत. मोबाइलवर ‘मुंबई’ म्हणून जो आकडा येतो तो तुमच्या उताराचा नसतो, हे एवढ्यावरून पटावं. वाऱ्याकडच्या, म्हणजे नैर्ऋत्येच्या किंवा पश्चिमेच्या अंगाला एक आणि डोंगराआड पूर्वेला एक, असे दोन पर्जन्यमापक ठेवा.

नरसाळ्याचं तोंड आतून बरोबर १० सेंटिमीटर व्यासाचं घ्या. त्याचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, म्हणून १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ७.८५ मिलिलिटर पाणी. कॅनमधलं पाणी मापाने मोजायचं आणि ७.८५ ने भागायचं. नरसाळ्याच्या कडेवर दहा-बारा सेंटिमीटर उंचीची उभी पट्टी बसवा. ही नसली की जोराच्या सरीत थेंब आपटून बाहेर उडतात आणि नेमका मोठा पाऊस कमी मोजला जातो. दोन लिटरच्या बाटलीत २५५ मिलिमीटरच मावतात. मुंबईत ते धोक्याचं आहे. पाच लिटरचा कॅन ६३७ पर्यंत जातो. ९४४ साठी साडेसात लिटर लागले असते, म्हणून रेड अलर्ट असेल त्या दिवशी मधेच एकदा मोजून रिकामा करा आणि दोन्ही आकडे बेरजेला धरा.

तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर आणि सपाट हवं. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. डोंगराच्या धारेवर ठेवू नका, तिथे वारा थेंब उडवून नेतो. गच्चीच्या कठड्याजवळही तोच घोळ. उद्यानाच्या बाजूला माकडं कॅन उपटतात, तेव्हा तो विटांच्या चौथऱ्यात रोवून तारेने बांधा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, कारण हवामान खात्याचा दिवस साडेआठ ते साडेआठ असतो आणि तुमचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहता आला पाहिजे. २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस, नाहीतर कोरडा.

हवेची तहान टबात मोजा

६० सेंटिमीटर व्यासाचा, २५ सेंटिमीटर खोल टब उघड्यावर, विटांवर सपाट बसवा. आतून काठाच्या ५ सेंटिमीटर खाली खूण करा आणि पाणी खुणेपर्यंत भरा. वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी घट्ट बांधा. जाळी नसली तर कावळे पाणी पितात, अंघोळी करतात आणि मे महिन्यात तुमचं बाष्पीभवन पाहून तुम्हीच चकित होता. रोज सकाळी खुणेपर्यंत भरायला किती पाणी लागलं ते मोजा. या टबात २८३ मिलिलिटर म्हणजे १ मिलिमीटर. समजा १.८ लिटर ओतावं लागलं, तर ६.४ मिलिमीटर उडालं. टबाच्या बाजू तापतात म्हणून जमिनीपेक्षा जास्त उडतं, ०.७ ने गुणलं की ४.५ मिलिमीटर. आदल्या दिवशी पाऊस पडला असेल तर तो यात मिळवायचा. खूप पडून टब वाहिला असेल तर त्या दिवसाची नोंद सोडून द्या, अंदाजाने भरू नका.

हवामान खात्याचं प्रमाण भांडं सुमारे १२२ सेंटिमीटर व्यासाचं असतं. आपला टब लहान, जास्त तापणारा, म्हणून त्यांच्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थ नाही. तुमच्याच टबाचा यंदाचा एप्रिल आणि गेला एप्रिल, एवढीच तुलना करा. म्हणून टब बदलू नका आणि जागा तर मुळीच बदलू नका.

वहीतला कोठा

दुष्काळ खरा दिसतो तो इथे. आधी तुमच्या मातीचा कोठा ठरवा. उतारावर दोन-तीन ठिकाणी कातळ लागेपर्यंत खणून मातीची खोली मोजा. मध्यम पोताच्या मातीत झाडाला उपलब्ध पाणी खोलीच्या साधारण पाचव्या भागाइतकं धरता येतं. माती ५० सेंटिमीटर असेल तर कोठा १०० मिलिमीटरचा, २० सेंटिमीटर असेल तर फक्त ४०.

वहीत पाच रकाने आखा: तारीख, पाऊस, तहान, शिल्लक, वाहून गेलं. कालच्या शिल्लकेत आजचा पाऊस मिळवा, आजची तहान वजा करा. उत्तर कोठ्यापेक्षा जास्त आलं तर जास्तीचं ‘वाहून गेलं’मध्ये टाका आणि शिल्लक कोठ्याइतकी ठेवा. उणे आलं तर शून्य लिहा. रोजचं अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आता हेच करून पाहा. कोठा १०० चा, सुरुवातीला रिकामा, तहान रोज ४.५. एका वर्षी पहिल्याच दिवशी ३०० मिलिमीटर पडला आणि नंतर चौदा दिवस उघडीप. कोठा भरला, २०० हून जरा कमी वाहून गेलं, पंधराव्या दिवशी शिल्लक ३७. दुसऱ्या वर्षी तोच ३०० रोज वीसवीस करून पडला. सातव्या दिवशी कोठा भरला आणि पंधराव्या दिवशीही तो भरलेलाच. सरासरीच्या तक्त्यात दोन्ही पंधरवडे सारखे दिसतील. माती सुकत आली की झाडं पाणी कमी खेचतात, त्यामुळे प्रत्यक्षात ३७ च्या जागी थोडं जास्त उरेल. रीत मुद्दाम सोपी ठेवली आहे.

४० मिलिमीटरच्या उथळ मातीत तर नऊ दिवसांच्या उघडीपीत कोठा शून्यावर येतो, तेही ऐन जुलै-ऑगस्टात. नव्याने लावलेली रोपं मरतात ती बहुधा अशा उघडीपीत, आणि दोष रोपवाटिकेला दिला जातो. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट होता. अशा वर्षी कोठा किती दिवस शून्यावर होता ते वहीत मोजा आणि लाल पेनाने लिहा. वर्षावर्षाची तुलना या लाल आकड्यांची करायची.

झरा: बादली आणि घड्याळ

सर्वात विश्वासाची मोजणी ही. झऱ्याची सगळी धार एका पन्हळीत किंवा पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात आणा. बाजूने झिरपणारं पाणी चिकणमाती दाबून बंद करा. दहा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा आणि मधला आकडा घ्या. ५० सेकंद लागले तर मिनिटाला १२ लिटर, दिवसाला १७,२८० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने ३१४ माणसांचं पाणी.

हा आकडा नोव्हेंबरात पाहून लोक निश्चिंत होतात. झरा मात्र दर महिन्याला सारख्या लिटरांनी कमी होत नाही, तो सारख्या प्रमाणात कमी होतो. १ नोव्हेंबरला १२ लिटर होते आणि १ डिसेंबरला ९, तर महिन्याला पाऊणपट होतोय. तोच पाऊणपट पुढे लावत जा: १ जानेवारीला ६.७५, १ फेब्रुवारीला ५, १ मेला २.१. म्हणजे दिवसाला सुमारे ३,०७५ लिटर, ५६ माणसांचं पाणी. जूनच्या मध्यावर १.४, म्हणजे ३६ माणसं. १ डिसेंबरला, केवळ दोन मोजण्यांवर, मे महिना वहीत दिसतो. टँकरची किंवा मचव्याने पाणी आणायची तजवीज करायला पाच महिने हातात मिळतात.

चुका कुठे होतात? अवकाळी पावसानंतर लगेच मोजलं तर प्रमाण खोटं येतं, आठवडाभर थांबा. कोणी वर पंप लावला असेल तर पंप बंद असताना, पहाटे मोजा. शिवाय झऱ्याच्या वरच्या अंगाला वणवा लागला, किंवा फरशी-काँक्रीट झालं, तर जुनं प्रमाण धरू नका, दोन नव्या मोजण्या घ्या. हवामानबदलाचा हात पाहायचा असेल तर दरवर्षीचं १ नोव्हेंबरचं वाहणं आणि महिन्याचं प्रमाण हे दोन आकडे वेगवेगळे लिहा. पहिला घटला तर पावसाळ्याने कोठा नीट भरला नाही. पहिला तसाच आणि दुसरा घटला तर झाडांची-हवेची ओढ वाढली किंवा उपसा वाढला. उपाय दोन्हींचे निराळे आहेत.

विहीर आणि खारं पाणी

किनाऱ्याजवळ गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. सच्छिद्र खडकात समुद्रपातळीच्या वर एक मीटर गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस मीटर असतं, असं गणित आहे. भेगाळ कातळात ते तंतोतंत लागू पडत नाही, पण त्याचा उलटा अर्थ पक्का ध्यानात ठेवा: उपशाने पातळी थोडी उतरली तरी खालून खारं पुष्कळ वर येतं. समुद्राची पातळी चढते आहे, त्यामुळे हे अंतर दोन्हीकडून कमी होतंय.

विहिरीच्या काठावर एक जागा रंगवून ठेवा आणि दर रविवारी, उपसा सुरू व्हायच्या आधी, तिथून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. त्याच वेळी टीडीएस घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, भरतीला आणि ओहोटीला एकेकदा वेगळं मोजा. भरतीला टीडीएस चढत असेल तर विहिरीचा समुद्राशी भेगेतून संबंध आहे. अशा विहिरीतून एका दमात तासभर पंप चालवू नका. दहा मिनिटं उपसा, दोन तास विश्रांती. आकडा तीन रविवार लागोपाठ चढला तर पिण्यासाठी ती विहीर थांबवा. एकदा खारी झालेली भेग पुढचा पावसाळा धुऊन काढेपर्यंत गोडी होत नाही.

टाकी किती मोठी हवी

मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर, येण्याची ११ जून. मधले २४५ दिवस. पण २०२३ साली पाऊस २५ जूनला आला आणि २०२५ साली २६ मेला. तारीख महिनाभर मागेपुढे होते आहे, तेव्हा सरासरीवर टाकी बांधू नका. २६० दिवस धरा.

पाच माणसांच्या घराला निव्वळ पिण्या-स्वयंपाकाला माणशी २० लिटर, रोज १०० लिटर. २६० दिवसांचे २६,००० लिटर. आता छप्पर पाहा: १०० चौरस मीटर पत्र्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर, त्यातलं उडणं-सांडणं वजा जाता ८५ हाती लागतं. २६,००० लिटरला ३०६ मिलिमीटर पाऊस पुरतो, जुलैतला एखादा चांगला आठवडा. पावसाची इथे कमतरता नाहीच, कमी पडते ती जागा. म्हणून पैसे आधी टाकीवर घाला, पन्हळ आणि छप्पर वाढवणं नंतर.

टाकीला झाकण हवंच. उघड्या तळ्यातून रोज ४.५ मिलिमीटर धरले तर २४५ दिवसांत ११० सेंटिमीटर पाणी उडतं. तहान वाढून ५ झाली की १२२. दोन मीटर खोल तळ्याचं निम्म्याहून अधिक असंच जातं. कान्हेरीच्या लेण्यांशेजारी कातळात कोरलेली टाकी आहेत, तिथल्या शिलालेखांत त्यांना पोढी म्हटलंय. तोंड लहान, पोट मोठं, वर सावली, आणि पाणी आणून सोडणारे पाट कातळातच खोदलेले. नवी टाकी बांधताना हाच आकार डोळ्यांपुढे ठेवा. पहिल्या सरीचं पाणी छपराच्या दर चौरस मीटरला एक लिटर या हिशेबाने बाहेर सोडायचं, म्हणजे शंभर मीटरला शंभर लिटर. त्यात धूळ, शेवाळ, पक्ष्यांची घाण असते. ही तोटी नंतर बंद करायला विसरलं की सगळा पावसाळा बाहेर वाहतो, म्हणून तिथे बारीक छिद्राचा उभा पाइप ठेवा: भरला की पाणी आपोआप टाकीकडे वळतं आणि पाऊस थांबल्यावर तो हळूहळू स्वतः रिकामा होतो.

ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा तर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून, धार चालू असतानाच, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत घाला. डिसेंबरात घातलेल्या बंधाऱ्यामागे अडायला पाणीच नसतं. उद्यानाच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. घारापुरीला लेण्यांपासून १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. ही कागदपत्रं मार्चमध्येच हलवायला घ्या.

पाऊस आल्यावर मोजणी कधी थांबवायची, यातही फसगत होते. जूनमधल्या पहिल्या दोन सरींनी माती काळी होते, विहिरीत चार बोटं पाणी चढलेलं दिसतं आणि टँकर बंद केला जातो. १०० मिलिमीटरच्या कोरड्या कोठ्यात ५० मिलिमीटर शिल्लक जमेपर्यंत झऱ्याला काही पोचत नाही. २०१९ आणि २०२३ साली पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात आला, तेव्हा १५ जूनच्या ढगांवर विसंबणं महागात पडलं असतं. वहीतली शिल्लक ५० च्या वर गेली आणि बादली भरायचे सेकंद दोन रविवार लागोपाठ घटले, की टँकर थांबवा आणि नवं पान काढा.